बियरचे भाऊबंद

“बोलवा न्हाव्याले! आत्ताच्या आत्ता बोलवा! पानी नसंन त कोरडीच भादरा, पन मिशी उतरली पाह्यजे!”

हे ओरडणं माझ्या काकांच्या ओसरीवर चाललं होतं, आणि ओरडणारे गृहस्थ काकांचे व्याही होते. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि दोघं व्याही एकमेकांनाही तीच हाक मारतात. काकांची थोरली लेक त्यांच्या घरात दिलेली. म्हणजे ते मुलाकडचे, आणि मुलाकडच्यांना मुलीच्या बापाच्या ओसरीवर ओरडायचा हक्क अक्षता पडल्यापासूनच मिळतो. आवाज तर असा, की मानोऱ्याकडच्या आपल्या वावरात ते बैलाला हाकारायचे आणि रिसोडच्या बाजारात विकायला उभे असलेले बैल दावी तोडून निघायचे.

त्या सकाळी त्यांच्या हातात हिरवी बाटली होती. अर्धी भरलेली. उरलेली अर्धी काकांच्या पोटात होती.

“विलायती हाय हे शिशी!” इवाई गरजले. “साऱ्या बाजारादेखत शपथ घेतली अन् घरात बसून विलायती ढोसून राह्यले!”

“विलायती नोय,” काका मिशी पुसत म्हणाले. “स्वदेशी बियर हाय. आपल्या पहाडातली.”

शपथेची गोष्ट अशी. तेव्हा वाशीम हा काही जिल्हा नव्हता, अकोल्यातला तालुका होता, पण स्वदेशीचं वारं आमच्याकडे अकोल्यापेक्षा जोरात सुटलं होतं. रिसोडच्या बाजारात विलायती कापडाची होळी झाली. काकांनी अंगातला कोट टाकला, टोपी टाकली, शेजाऱ्याच्या खांद्यावरचा रुमालही टाकला. ज्वाळा अशा उसळल्या, की वरून उडणाऱ्या घारी भाजून खाली पडल्या म्हणतात. मी स्वतः दोनच पाहिल्या. त्या भरात काका ओट्यावर चढले आणि कुणी मागितलेली नसताना शपथ घेऊन बसले: “आजपासून विलायतेचा एक धागा अंगावर अन् एक थेंब पोटात जाईन, त ह्या मिशीवर वस्तरा फिरवीन! तेबी इथंच, भर बाजारात!” त्यानंतर वक्त्यांनी दारू सोडणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. तेव्हा काकांचा हात मिशीला पीळ देण्यात गुंतलेला होता.

मिशीबद्दल मी थोडं कमीच सांगतो, कारण खरं सांगितलं तर लोक विश्वास ठेवत नाहीत. काका वाशीमच्या कचेरीत शिरले, की आधी मिशीचं उजवं टोक आत जाई, मग काका, आणि शिपाई दार लोटून घेणार तेवढ्यात डावं टोक पोहोचे. पण ती नुसती शोभेची नव्हती. पंचक्रोशीत बांधावरून भांडण झालं, सोयरीक मोडायला आली, की लोक काकांकडे येत. काका फार बोलत नसत. सगळं ऐकून घेत, मिशीवरून हात फिरवत आणि म्हणत, “असं करा.” लोक तसं करत. ती मिशी गेली असती तर त्या हाताला फिरायला जागा उरली नसती, आणि मग “असं करा” कुणी ऐकलं असतं, याची काकांनाच खात्री नव्हती.

आता बियर कुठून आली? वाशीमच्या सरकी काढायच्या जिनाचं इंजिन बंद पडलं होतं. कापसाच्या गाड्यांची रांग पार गावाबाहेर, आणि त्या रांगेत काका उन्हात उभे. इंजिन दुरुस्त करायला गोरा साहेब आला होता. त्याला काकांची मिशी आवडली की काकांची दया आली कोण जाणे, त्यानं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक बाटली पुढे केली. पहिल्या घोटाला काकांना वाटलं, हे घोड्याच्या पोटदुखीचं औषध. दुसऱ्या घोटाला वाटलं, घोडं नशीबवान. तिसऱ्यानंतर ते साहेबाला इंजिन कसं दुरुस्त करायचं ते सांगू लागले.

शपथेनंतर मात्र घोर दुष्काळ पडला. इवायांनी त्यांच्याकडची मोहाची पाठवली, पहिल्या धारेची. काकांनी ती परत पाठवली. म्हणाले, “मोहाची प्यालो त मले माह्या घराचा रस्ता दिसत नाई. बियर प्यालो त दुसऱ्याईच्याबी घराचे दिसतेत.” काका वाळत चालले. मिशीची टोकं खाली आली. आणि मग एक दिवस, शपथेआधी काका ज्याच्याकडून बियर मागवत त्या अकोल्याच्या दुकानदारानं सर्व्हिस मोटारीच्या डायवरबरोबर निरोप आणि थोड्या बाटल्या पाठवल्या: बियर आता आपल्याच मुलखात होते, घेऊन पाहा. काकांनी ती लपवून नाही, ओसरीवर, सगळ्या गावाला दिसेल अशी उघडली. इवाई नेमके तेव्हाच बैलांच्या दमणीतून उतरले.

“स्वदेशी म्हंता? पाहून घेतो,” इवाई म्हणाले आणि बाटली घेऊन सरळ न्हाणीकडे गेले. तिथं चुलीवर काकूंचं आंघोळीचं पाणी तापत होतं. मोहाची अस्सल आहे की पाणी घातलेली, हे पाहायची त्यांच्याकडची रीत म्हणजे विस्तवावर ओतायची. त्यांनी बियर ओतली. सूं झालं, धूर झाला आणि चूल विझली.

“पाहा!” इवाई धुरातून बाहेर येत ओरडले. “आमच्या मोहाचा भडका छपराले लागते. हे त इस्तो इझवून राह्यली! इले दारू तरी कोन म्हंते?”

काकू दारात उभ्या होत्या. साऱ्या आयुष्यात त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. म्हणाल्या, “ते असो. पानी कोन तापवते आता?”

मी तेव्हा अकोल्याला थोडंफार शिकून, इंग्रजी वाचता येतं एवढ्या आधारावर काकांकडे राहत होतो. मला पुढे बोलावलं. मी बाटलीवरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली. पहाडाचं चित्र होतं, झाडं होती, आणि हिंदुस्थानात तयार केली असं स्वच्छ छापलं होतं. काकांनी मिशीला पीळ दिला.

“पहाड आपलाच हाय, नाई कोन म्हंते?” इवाई अचानक हळू बोलू लागले, आणि ते हळू बोलले की काका सावध होत. “रेल आपल्याच जमिनीवरून चालते. म्हनून रेल आपली झाली का? पहाड आपला, पानी आपलं. पन मालक कोन हाय? नफा कोनाच्या घरी जाते?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठी उलटसुलट केली, बाटलीचं बूडही पाहिलं. मालकाचा पत्ता नव्हता.

“पुढच्या बाजारापर्यंत सांगा,” इवाई म्हणाले. “मालक आपला निंघाला त माह्यी मिशी. गोरा निंघाला त तुमची.”

“मंजूर,” काका म्हणाले. पण आवाज मिशीतच अडकला.

दुसऱ्या दिवशी काका आणि मी सर्व्हिस मोटारीनं अकोल्याला निघालो. इवायांचा प्रश्न काकांच्या डोक्यात असा शिरला होता, की त्यांना आता जी वस्तू दिसेल तिचा मालक हवा होता. “बाबू, ह्या कंदिलाचा मालक कोन?” जर्मनीचा. “काडीपेटी?” स्वीडन नावाचा मुलूख आहे. “मोटर?” अमेरिका. “चाकाचं रबर?” मलायाकडचं असेल. “अन् डायवर?” डायवरनं मागे न वळता सांगितलं, “मालेगावचा.” काकांनी सुस्कारा सोडला. म्हणाले, “चाला, एक तरी आपला हाय.” पातूरच्या घाटात मोटार थकली आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांनी उतरून ढकलली. काका ढकलता ढकलता विचारत होते, “बाबू, आपन ढकलून राह्यलो त चालवनारा कोन? मोटर का आपन? मंग मालक कोन?” मला घाम पुसू की उत्तर देऊ ते कळेना.

अकोल्याचं ते दुकान एका पारशी शेटजींचं. सोडा, सरबतं, बिस्किटं आणि मागच्या फळीवर बियर. काकांनी आत शिरताच विचारलं, “ते देशी बियर कोनाची हाय?”

शेटजींनी फक्त ‘देशी’ ऐकलं. “देशीचा ठेका मागच्या गल्लीत. आपल्याकडे विलायती माल.”

“विलायती?” काका एवढ्यानं ओरडले, की बरणीतल्या गोळ्या एकमेकींना चिकटल्या त्या पुढं कधी सुटल्या नाहीत.

मग मी मध्ये पडलो आणि समजावलं. शेटजींनी काकांना खुर्ची दिली आणि एक बाटली समोर ठेवून तिची वंशावळ सांगायला घेतली. जव उत्तरेकडचा, आपला. पाणी पहाडाचं, आपलं. बाटली? परदेशी काचेची. बूच? तेही दर्यापारचं. आणि एक कडू फूल घालतात, त्याशिवाय बियर होत नाही, ते विलायतेहून येतं.

“फूल?” काका पुढं सरकले. खरंच सांगतो, तोवर मिशी पणाला लागली आहे, हेच ते विसरले होते. “कडूच पाह्यजे ना? मंग कडूलिंबाचा मोहर काहून नाई टाकत? आमच्या वावरात झाडच झाड हायेत!”

“मी बनवत नाय, काका, मी विकतो.”

“मंग बनोते कोन? मालक कोन?”

शेटजींनी चष्मा काढला. “मालक म्हणजे… कंपनी.”

काका खुर्चीवरून उठले. आमच्या भागात कंपनी म्हणजे एकच कंपनी. काकांच्या आज्यानं वऱ्हाड निजामाकडून कंपनीकडे गेलेलं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मरेपर्यंत ते सांगितलं होतं.

“कंपनी त गेलती ना!” काका म्हणाले. “माह्या आज्याच्याच वक्ती राणीनं काढलं तिले! वापस आली? अन् आता बियर इकून राह्यली?”

शेटजी हसून हसून गल्ल्यावर आडवे झाले. ती कंपनी नव्हे, म्हणाले, ही दुसरी. हिचे शेअर असतात. ज्यानं शेअर घेतला तो तेवढ्यापुरता मालक.

“शेअर म्हंजे काय, बाबू?”

मी सांगितलं, “हिस्सा.” दुसरा शब्द मला सुचला नाही, आणि आजही सुचत नाही.

“हिस्सा!” काकांचे डोळे चमकले. हिस्सा म्हणजे काय ते काकांना माझ्या चार पुस्तकांपेक्षा जास्त कळत होतं. उभी हयात त्यांनी लोकांच्या हिश्श्यांचीच भांडणं मिटवली होती. “कोनाले भेटते हिस्सा? मलेबी भेटते?”

“घेतला तर भेटतो. माझ्याकडेच एक पडला आहे. घेऊन पस्तावतो आहे.”

काकांनी गळ्यातला गोफ काढला, गल्ल्यावर ठेवला. शेटजींनी आतून एक भलामोठा नक्षीदार कागद आणला. नाव चढायला वेळ लागेल म्हणाले. काका म्हणाले, “पटवारीबी दोन साल लावते. म्हनून वावर आपलं होत नाई का?” कागदाची घडी खादीच्या टोपीत गेली आणि काका बियरचे मालक झाले.

परतीच्या वाटेवर पातूरच्या घाटात मोटार पुन्हा थकली. सगळे उतरले. काका बसून राहिले.

“उतरा जी,” डायवर म्हणाला.

“मालक ढकलत नसतेत,” काका म्हणाले.

“कायचे मालक?”

“बियरचे.”

डायवरनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि काकांना बसवून बाकीच्यांकडून मोटार ढकलून घेतली. त्या दिवसापासून मला कागदाच्या ताकदीबद्दल आदर आहे.

बाजाराच्या दिवशी रिसोडात पाय ठेवायला जागा नव्हती. मिशीची बातमी पार हिंगोलीपर्यंत गेली होती आणि निजामाच्या मुलखातले लोकही ज्वारीच्या पोत्यांवर चढून बसले होते. इवायांनी न्हावी आणून ठेवला होता. त्यानं धोकटी उघडून, वाटीत पाणी घेऊन, चवाळं अंथरलं होतं.

“बोला इवाई,” इवाई म्हणाले. “कोन हाय मालक?”

काकांनी टोपी काढली, कागद काढला, दोन्ही हातांनी वर धरला. “मी!”

असा कल्ला झाला, की मिरचीवाल्याचे ढीग हलले आणि अर्धा बाजार शिंकायला लागला. काकांनी शिंका संपू दिल्या.

“वावरात ज्याचा एक आना हिस्सा हाय, तो ‘माह्यं वावर’ म्हंते का नाई?”

“म्हंते!” बाजार ओरडला. सगळे शेतकरीच.

“मंग ह्या बियरमदी माहा हिस्सा हाय. माह्यी बियर. मी गोरा हाव का?”

“नाई!”

इवायांचा हात आपसूक स्वतःच्या मिशीकडे गेला. काकांच्या मानानं ती मिशी म्हणजे कणसावरचे केस, पण ज्याची त्याला प्यारी. न्हाव्यानं चवाळं इवायांच्या बाजूला थोडं सरकवलं. मग इवाई हळू आवाजात मला म्हणाले, “बाबू, तू शिकलेला हायेस. बाकीचे हिस्सेदार कोन हायेत?”

मी खरं तेच सांगितलं. काही इकडचे असतील. पुष्कळसे साहेबलोक, तिकडे लंडनात राहणारे.

“बरं. एका वावरात ज्याईचे हिस्से, ते एकमेकाईचे कोन होतेत?” इवाई बाजाराकडे वळले.

“भाऊबंद!”

“भाऊबंद मेला त?”

“सुतक!”

“अन् मिशी?”

यावर बाजार एकमेकांच्या मिशा पाहू लागला. पण न्हाव्याचा तो धंदाच होता. तो म्हणाला, “उतरते.”

काकांचा कागद धरलेला हात खाली आला. “मेलं कोन पन?”

“इतके हिस्सेदार,” इवाई म्हणाले, “म्हातारे साहेबलोक, अन् तिकडे थंडी अशी की म्हंते पानी उभंच्या उभं गोठते. तुमी हिस्सा घेतला तवापासून एकबी गेला नसंन? घ्या शपथ. एकबी मेला नाई म्हना.”

काकांनी शपथ घेतली नाही. त्या महिन्यात शपथ या गोष्टीची त्यांना चांगलीच धास्ती बसली होती. मी शेजारी उभा होतो. मला त्यांचा विचार चाललेला दिसत होता. लंडनचे लोक आपले कोणी नव्हेत म्हणावं, तर हिस्सा खोटा, बियर विलायती आणि शपथ मोडलेली. आपले म्हणावं, तर सुतक. मिशी दोन्हीकडून जातच होती. ती कोणत्या नावानं जाते, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मग चवाळ्यावर जाऊन बसले.

“आयका,” काका म्हणाले, आणि आवाज पुन्हा भांडण मिटवणाऱ्या काकांचा होता. “हे मिशी शपथ मोडली म्हनून नाई उतरत. घरातलं मानूस गेलं म्हनून उतरते.”

वस्तरा चालला तेव्हा सगळा बाजार थांबला. लोकांनी खरोखर टोप्या काढल्या. भाजीवाल्या बायांनी पदर डोळ्यांना लावला. मिशी खाली पडली तेव्हा धप्प असा आवाज झाला, मी ऐकला. एक म्हातारा गर्दीतून पुढे आला, काकांजवळ टेकला आणि विचारू लागला, “वय काय होतं त्याईचं?”

“असंन सत्तरीचं,” काका म्हणाले.

“लेकरं-बाकरं?”

“लंडनातच हायेत.”

“सुटले बिचारे,” म्हातारा म्हणाला.

इवाई खुशीत निघाले होते, तेवढ्यात काकांनी चवाळ्यावरूनच हाक मारली. “इवाई! चालले कुठी? पैजेतली मिशी माफ केली तुमाले, पन आमच्या घरी मयत झाली अन् सोयरे रिकाम्या हातानं जातेत का? दुखवटा कोन करंन?”

बाजार हसला, पण कुणी नाही म्हणेना. व्याह्यानं दुखवट्याचं वस्त्र द्यायचं, हे ठरलेलंच. इवाई मुकाट्यानं खादीच्या दुकानात गेले, उपरणं घेऊन आले आणि मेलेला माणूस कोण, ते माहीत नसताना काकांच्या खांद्यावर घालून दोन वेळा हुंदकेही देऊन गेले. नंतर कित्येक वर्षं बांधाची भांडणं घेऊन लोक काकांकडेच येत राहिले. काका सगळं ऐकून घेत आणि उघड्या ओठावरून हात फिरवत. ज्यानं साहेबाचं सुतक भर बाजारात पाळलं, तो आपल्या बांधाला न्याय देईल, असं लोकांना वाटत असावं.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी पोहोचलो. अकोल्याहून आलेल्यातली एक बाटली अजून शिल्लक होती, आणि आता ती कुणाच्याही समोर उघडायला हरकत नव्हती. मालकाचीच होती. काका ओसरीवर नवं उपरणं सावरून बसले आणि मला म्हणाले, “आन रे बाबू.” मी बाटली आणली. काकू दिवा घेऊन बाहेर आल्या, दिवा काकांच्या तोंडाजवळ नेला आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

“कोन गेलं?”

“आमचा एक हिस्सेदार,” काका म्हणाले. “लंडनचा. भाऊबंदच म्हना.”

काकूंनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली.

“मंग तेरवीपर्यंत बियर नाई,” त्या म्हणाल्या.